दोष जाडीचा नव्हता



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी या गावातल्या दोन पिढ्यांना भूगोल शिकवला. त्यांच्या नावाच्या मालेत घराविषयी बोलायला मिळालं याचा मला आनंद आहे, कारण घर हा भूगोलाचाच विषय आहे. ऊन कसं पडतं, वारा कुठून वाहतो, जमिनीत दगड कोणता आहे, पाणी किती आहे, यावर एखाद्या प्रदेशातलं घर ठरत असे. आज लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठेही जा, नवं घर एकच दिसतं. सहा किंवा नऊ इंची भिंत, वर चार-पाच इंची स्लॅब, स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आणि शेजारी काळी टाकी. हेच घर रत्नागिरीत आहे आणि हेच गडचिरोलीत.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मराठवाड्यातल्या जुन्या दगडी घरात उन्हापासून माणसाला वाचवण्याची ताकद होती आणि भूकंपात माणसाला मारण्याचा दोषही होता. दोन्ही एकाच भिंतीत होते, पण दोन्हींचं कारण वेगळं होतं. १९९३ च्या भूकंपानंतर आपण दोष काढायला गेलो आणि ताकदही काढून टाकली. त्याची किंमत आपण दर उन्हाळ्यात मोजतो आहोत.

आधी ते जुनं घर पाहू. इथल्या वडीलधाऱ्यांचं बालपण त्यात गेलं आहे, पण समोर बसलेल्या बऱ्याच मुलामुलींनी माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, आतून पाहिलेलं नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रस्त्याच्या बाजूला जाडजूड दगडी भिंत, तिला खिडकी जवळपास नाहीच. दिंडी दरवाजातून आत गेलं की ढेलज, ढेलजेपुढे चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत माजघर आणि सगळ्यात आत धान्याचं बळद. घर मोजायचं ते खणांत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. लाकडी खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हा थर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत असे. पाणी बाहेर टाकायला पन्हळ आणि छतातून उजेड यायला साणं. भिंतींची जाडी अडीच फुटांपासून पाच फुटांपर्यंत, कुठे कुठे त्याहूनही जास्त. दगड इथलाच, काळा बेसाल्ट. भिंतीत सांधायला चिखल.

हे घर उन्हात कसं वागतं ते पाहण्यासारखं आहे. सकाळी ऊन भिंतीवर आणि माळवदावर पडायला लागतं. दगड-मातीचा तो प्रचंड साठा तापायला वेळ घेतो. उष्णता आत सरकते, पण फार सावकाश. सिमेंटच्या चार इंची थरातून उष्णता साधारण तीन तासांत आत पोचते. दीड फूट दगडी भिंतीतून तिला आठ ते बारा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन माजघरात पोचेपर्यंत रात्र झालेली असते. आणि रात्री माजघरात कुणी नसतं! माणसं माळवदावर, आभाळाखाली निजलेली असतात. दारं, साणी उघडी असतात, चौकातली थंड हवा जड म्हणून खाली बसते आणि ओसरीतून आत शिरते. रात्रभर घर निवतं. पहाटे पुन्हा रिकाम्या हाताने नव्या उन्हाला तोंड द्यायला तयार. दिवसा घरात, रात्री माळवदावर, हे त्या घराचं वेळापत्रक होतं आणि घर त्या वेळापत्रकासाठीच बांधलेलं होतं.

हे आपल्याकडेच का चालतं? कारण आपली हवा कोरडी आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात दिवसा चाळीसच्या पुढे गेलेला पारा पहाटे पंचविसाच्या आसपास उतरतो. दिवस आणि रात्र यांच्यात एवढा फरक असेल तरच जाड भिंत कामाची. कोकणात आणि मुंबईत रात्रही दिवसाइतकीच ओली आणि उबदार असते, तिथे जाड भिंत साठवलेली उष्णता कुणाला देणार? म्हणून तिथे उतरतं कौलारू छप्पर, पडवी, वारा आरपार जाईल अशी दारं-खिडक्या. जांभा दगड वापरला तरी घराचा सगळा भर वाऱ्यावर. आपल्याकडची भिंत उचलून मालवणात नेली तर फसेल आणि तिथली पडवी एकटीच उचलून औशाला आणली तरी फसेल. परंपरा म्हणून सरसकट एकच गोष्ट डोक्यावर घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता त्या भूकंपाच्या रात्रीकडे येते.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले. ३० तारखेला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीजवळ भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप अनेक होतात आणि त्यांत इतकी माणसं मरत नाहीत. आपल्याकडे सरकारी मोजणीत जवळपास आठ हजार माणसं गेली, आणि इतर अंदाज दहा हजारांच्या घरात जातात. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या विभागात होता, त्यामुळे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

घरं का कोसळली याचा अभ्यास अभियंत्यांनी नंतर बारकाईने केला. आपली जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती खरं तर दोन भिंती असतात. बाहेरच्या तोंडाला घडीव दगडांचा एक पदर, आतल्या तोंडाला दुसरा, आणि मधे डबर आणि चिखलाची भरती. दोन पदरांना एकमेकांत अडकवणारा, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता किंवा फारच थोडा होता. जमीन हलली तेव्हा दोन्ही पदर सुटे झाले, फुगले आणि दोन्हीकडे ढासळले. चार भिंतींना कोपऱ्यात धरून ठेवणारं काही नव्हतं. आणि वरून मातीचा तो जडशीळ थर खाली आला. अनेक ठिकाणी असंही दिसलं की भिंत पडली, पण लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिला. खणाची बांधणी टिकली, कारण लाकूड लाकडाला बांधलेलं होतं.

मित्रहो, यातून निष्कर्ष काय निघतो? भिंत पडली ती जाड होती म्हणून नव्हे, बांधलेली नव्हती म्हणून. छत मातीचं होतं हा दोष नव्हता, माती मर्यादेपलीकडे जड होती हा दोष होता. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला वर नवी पांढरी टाकायची आणि जुनी उतरवायची नाही, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं. फूटभराची माती अडीच फुटांची झाली.

आणखी एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगायला हवी. त्या पहाटे कुडाच्या भिंती आणि गवती छपराच्या झोपड्यांत राहणारी माणसं तुलनेने वाचली. ती बहुतेक भूमिहीन, दलित, गावकुसाबाहेरची. ज्या थंडगार माळवदाचं मी वर्णन केलं ते गावात सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. आणि ज्यांच्या वाट्याला आलं त्या घरांतही सारवण-लिंपणाचं, माती वाहण्याचं काम बायकांच्याच अंगावर होतं. म्हणून जुनं घर जसंच्या तसं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. जुन्या घरातलं शास्त्र घ्यायचं आणि ते सगळ्यांच्या वाट्याला येईल असं बांधायचं.

भूकंपानंतर जे पुनर्वसन झालं ते मोठं काम होतं, त्याचा मान ठेवूनच बोलते. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, तिथे पंचवीस हजारांहून अधिक घरं उभी राहिली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट असे घरांचे तीन आकार ठरले. गावाची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी सरळ रेषांची, रुंद रस्त्यांची झाली. गाव पसरलं, घरं सुटी सुटी झाली. जुन्या बोळात घराची सावली घरावर पडत असे. नव्या गावात प्रत्येक घर चारी बाजूंनी उन्हात. भिंती पातळ झाल्या, वर स्लॅब आला. चौक गेला, ओसरी गेली.

दुसरीकडे ज्या गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. सुमारे दोन लाख घरं त्यात होती. स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेने गावोगावच्या महिलांना या कामात आणलं, त्यांनी बांधकाम समजून घेतलं, त्यावर देखरेख केली. मराठवाड्यातल्या बायकांच्या सार्वजनिक जीवनातला तो मोठा टप्पा आहे. मजबुतीकरणाच्या पद्धतीही चांगल्या होत्या. दगडी भिंतीला मधूनमधून भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकमेकांत टाचले जातात. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई यांना तिरके टेकू द्यायचे. भिंतीवरून चारी बाजूंनी पट्टा फिरवायचा. पण झालं काय? बऱ्याच जणांनी मिळालेल्या पैशातून जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी छोटी खोली बांधली, वर पत्रे टाकले. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांनी आपली माणसं दगडांच्या ढिगाऱ्याखालून काढली, त्यांना पुन्हा दगडी भिंतीआड निजा असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण भीती ओसरायला वेळ लागतो हे माहीत असणाऱ्या आम्हा वास्तुरचनाकारांनी, अभियंत्यांनी आणि सरकारने पुढच्या तीस वर्षांत तरी दगडाची बाजू लोकांपुढे नीट मांडायला हवी होती. ती कुणी मांडली नाही.

आता त्या पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोलीत मे महिना कसा जातो ते पाहा.

शून्य सावली दिवस आपल्याला माहीत आहे. लातुरात १३ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन भरात आपल्या घराला सगळ्यात जास्त ऊन लागतं ते छताला. त्याच्या खालोखाल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला, कारण सकाळी आणि दुपारनंतर ऊन तिरपं होऊन त्यांच्यावर तासन् तास येतं. दक्षिणेच्या भिंतीला मेमध्ये फारसं ऊन लागत नाही. या साध्या हिशेबानुसार घराचं सगळ्यात भक्कम, सगळ्यात जाड, सगळ्यात झाकलेलं अंग छत असायला हवं. माळवद तसंच होतं. आज आपलं छत हे घराचं सगळ्यात पातळ अंग आहे.

एखाद्या नव्या वसाहतीत मेमध्ये रात्री नऊ वाजता घरात उभं राहून स्लॅबकडे हात वर करा. स्लॅबला न टेकताही तळव्याला धग लागते. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन स्लॅब आता खाली सोडतो आहे, आणि नेमकं आताच माणसं आत झोपायला आली आहेत. पंखा लावला तर तो ती तापलेली हवाच खाली ढकलतो. हवेचं तापमान कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण पस्तीस अंशांपेक्षा, वर गेलं की पंखा थंडावा देण्याऐवजी अंग तापवायला लागतो, फक्त घाम वाळेल तेवढाच आराम. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला सावरायला गार रात्र लागते. सलग चार-पाच रात्री ती मिळाली नाही की आधी म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि तान्ही मुलं खचतात. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, असा आराखडा करणारं ते दक्षिण आशियातलं पहिलं शहर.

कूलर आहे की, असं कुणी म्हणेल. कूलरला पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. त्या शहराने उन्हाळ्यासाठी पाण्यावर चालणारं उत्तर निवडायचं का, हा विचार आपणच करायचा आहे. आणि एसीचं बिल पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलात राहणारं कुटुंब भरू शकत नाही.

भिंतीच्या जाडीने खरंच एवढा फरक पडतो का? याचं मोजून दिलेलं उत्तर आपल्याला इजिप्तमध्ये मिळतं. हसन फतही हे तिथले वास्तुरचनाकार. लक्सरजवळ न्यू गुर्ना नावाचं गाव त्यांनी १९४५ पासून कच्च्या विटांचं, घुमटांचं, कमानींचं बांधलं. १९६४ च्या मार्चमध्ये कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्रात वेगवेगळ्या साहित्याच्या खोल्या शेजारी शेजारी बांधून त्यांत तापमान मोजलं गेलं. एक खोली पन्नास सेंटीमीटर जाडीच्या मातीच्या विटांची, दुसरी दहा सेंटीमीटर जाडीच्या तयार काँक्रीट फलकांची. बाहेरचं तापमान दिवसभरात १२ ते २८ अंशांच्या दरम्यान फिरलं. मातीच्या खोलीत ते चोवीस तास २१ ते २३ अंशांतच राहिलं. काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांवर गेलं. बाहेरच्यापेक्षाही आठ-नऊ अंश जास्त! म्हणजे त्या खोलीत बसण्यापेक्षा बाहेर झाडाखाली बसणं परवडलं असतं. आपल्याकडच्या खेड्यात मे महिन्यात दुपारी माणसं नव्या घराबाहेर, लिंबाखाली बाज टाकून का बसलेली असतात, याचं यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नाही.

पण फतहींचं गावही पूर्ण वसलं नाही. ज्या गुर्नावासीयांसाठी ते बांधलं, त्यांना आपली जुनी वस्ती सोडून तिथे जायचंच नव्हतं आणि घुमटाची घरं त्यांना आपलीशी वाटली नाहीत. हवामानाचं शास्त्र कितीही खरं असलं तरी राहणाऱ्याला विचारल्याशिवाय घर होत नाही. किल्लारी परिसरातल्या नव्या गावांत जे घडलं त्याला हेही लागू आहे.

आपल्या देशात जुनं आणि नवं सांधण्याचं काम काही मोठ्या माणसांनी करून ठेवलं आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना भूखंड, पाणी-संडासाची सोय आणि थोडं बांधकाम देऊन बाकीचं घर लोकांनी ऐपतीप्रमाणे वाढवावं अशी आखणी केली. घरकुल मिळालं की लोक त्याला पत्र्याची खोली जोडतातच. मग ती वाढ कुठे, कशी होईल हे आधीच ठरवलेलं बरं.

मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले चार्ल्स कोरिया यांचं एक छोटं घर मला फार मोलाचं वाटतं. अहमदाबादेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी त्यांनी एक अरुंद, लांबट घर रचलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, म्हणजे लांब बाजूंना ऊनच नाही. छत दोन्हीकडून उतरतं. तापलेली हवा हलकी होऊन छताच्या उतारावरून वर चढते आणि आढ्याजवळच्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत येते. ना यंत्र, ना वीज. नुसता घराचा छेद विचारपूर्वक काढलेला. ते घर १९९५ मध्ये पाडलं गेलं. पुढे बेलापूरच्या वसाहतीत कोरियांनी सात-सात घरं एका लहान चौकाभोवती मांडली. तिथली बरीच घरं मालकांनी पाडून मोठी बांधली आहेत, पण चौकांची मांडणी टिकून आहे.

लॉरी बेकर यांचं काम तर सरळ उचलण्यासारखं आहे. इंग्लंडमधून आलेल्या या वास्तुरचनाकाराची मुंबईत गांधीजींशी भेट झाली, आणि आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याचं असावं हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. त्यांची रॅट-ट्रॅप बांधणी आपल्या गवंड्यांनी शिकावी. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत वीट आडवी झोपवतात. या बांधणीत ती कडेवर उभी करतात. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि अडकलेली हवा उष्णता अडवते. कोपऱ्यातल्या पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट भरलं की भूकंपासाठीचा आधारही तिथेच मिळतो. दुसरी गोष्ट फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अंगातलं काँक्रीट सळईला धरून ठेवण्यापलीकडे फारसं वजन पेलत नाही. ते काढून त्या जागी मंगलोरी कौलांची जोडी ठेवायची. सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो, कौलांमधली हवा उन्हाला अडवते, आणि खालून पाहिलं तर छत देखणं दिसतं. आपल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तर कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कौलांचं कमानी छत करून दाखवलं आहे. त्यात सळई नाही, लाकूड नाही, आणि कुंभाराला काम मिळतं.

आणि आता दगडाकडे परत येते, कारण माझा सगळा आग्रह तिथेच आहे. भारतीय मानक संस्थेने कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाला भूकंपात कसं टिकवायचं याची मार्गदर्शिका काढली, तिचा क्रमांक १३८२८ आणि वर्ष १९९३. किल्लारीचंच वर्ष. तिच्यात दगडी भिंतीला बंदी नाही. भिंत ४५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको, शक्यतो ३५ च्या आसपास असावी. दर ६० सेंटीमीटर उंचीवर, आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा लांब नाही, असे आरपार दगड हवेत. एवढा लांब दगड मिळत नसेल तर पाच बाय पाच सेंटीमीटर जाडीचा, पोटात ८ मिलिमीटरची एक सळई घातलेला काँक्रीटचा दांडा घरीच ओतून तो आरपार ठेवला तरी चालतो. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली घराला चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यांत उभ्या सळया. एवढं केलं की भिंत सुटी होत नाही, कोपरे फाटत नाहीत. लातूरचा हा परिसर २००२ च्या सुधारित नकाशात तिसऱ्या विभागात गेला, आणि त्या विभागात असं घर बांधता येतं. ३५ ते ४५ सेंटीमीटरची बांधलेली भिंत उन्हाला आठ-दहा तास अडवते. आजोबांच्या पाच फुटी भिंतीची गरजच नाही. दगड आपल्याकडे मुबलक आहे, जुन्या पडक्या घरांचा तर गावोगावी पडून आहे. तो घडवणारे वडार कारागीर अजून आहेत, पण त्यांच्या हाताला हे काम देणारं कुणी नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान पंचवीस चौरस मीटरचं असतं आणि सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. या पैशात चमत्कार होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण त्याच पैशात काय करता येईल ते सांगते. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंती आखूड होतील. पश्चिमेला न्हाणी, जिना, धान्याची कोठी ठेवा, निजायची खोली नको. दार-खिडक्या समोरासमोर, आणि छताजवळ एक झरोका, आपलं साणंच भिंतीत आलं असं समजा. शक्य असेल तर दगडी नाहीतर रॅट-ट्रॅप भिंत. छत फिलर स्लॅबचं. आणि काहीच जमलं नाही तरी स्लॅबवर दर वर्षी मार्चअखेर पांढराशुभ्र चुना. ताजा चुना निम्म्याहून कितीतरी अधिक ऊन परत आभाळात फेकतो, आणि त्याचा खर्च एका पंख्यापेक्षा कमी आहे. पत्र्याची खोली असेल तर पत्र्याखाली बांबूची चटई ठोका, पत्रा आणि चटई यांत वारा खेळेल एवढी जागा सोडा. पत्रा फक्त सावली देतो, छत ती चटई होते.

अडचण ज्ञानाची नाही. अडचण अशी आहे की अंदाजपत्रकाच्या छापील नमुन्यात वीट आणि स्लॅब एवढंच लिहिलेलं असतं. गावातला कनिष्ठ अभियंता त्याच नमुन्यावर मोजमाप घेतो आणि हप्ता सोडतो. दगडी भिंत बांधली तर हप्ता अडेल या भीतीने लाभार्थी ती बांधत नाही. केंद्राच्या ग्रामविकास खात्याने राज्याराज्यांतल्या स्थानिक घरांचे नमुने ‘पहल’ नावाच्या संग्रहात छापले आहेत. ते संग्रह पंचायत समितीच्या टेबलावर आणि गवंड्याच्या हातात पोचले पाहिजेत. नव्या इमारतींच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालणारी केंद्राची इको निवास संहिता २०१८ पासून आहे, पण ती मोठ्या इमारतींना नजरेसमोर ठेवून लिहिलेली आहे. सगळ्यात जास्त ऊन सोसणाऱ्या घरकुलाला तशी कसोटी नाही. ती असावी अशी माझी मागणी आहे.

इथे पंचायत समितीचे काही सदस्य बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या बैठकीत दगडी भिंतीचं एक अंदाजपत्रक तालुक्याच्या अभियंत्याकडून मंजूर करून घ्या. एकच घर बांधा, भर रस्त्यावर, लोकांना आत येऊन बसता येईल असं. मेमध्ये ते उघडं ठेवा. ज्यांच्या मनात अजून ती पहाट आहे त्यांना पट्टा कुठे आहे, आरपार दगड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. आणि ज्यांच्या घरी जुनं माळवद अजून उभं आहे त्यांनी ते पाडण्याआधी भिंतीला टाके घालता येतात का, वरची माती उतरवता येते का, हे एकदा जाणकाराला दाखवून घ्यावं.

माझं बोलणं संपलं. इथे आलेल्या गवंडी मंडळींनी मात्र पाच मिनिटं थांबावं. आरपार दांडा कसा ओतायचा, पट्ट्यातल्या सळया कोपऱ्यात कशा वळवायच्या याची मापांसह रेखाचित्रं मी काढून आणली आहेत. ती मोफत आहेत, लागतील तेवढ्या प्रती घेऊन जा.